सात नंबरचा गुडघा

"तुमच्या सात नंबरनं ऑपरेशन रद्द केलं," डॉक्टर गुरुमूर्ती फोनवर म्हणाले. माझा एक पाय शेअर-ऑटोत होता आणि एक वेलचेरीच्या रस्त्यावर. "राजसबाई. गुडघा बरा होतोय म्हणते. तुमच्या मशीननं." शेवटचे दोन शब्द त्यांनी हसत म्हटले आणि मग हसणं एकदम थांबवून, ते जसं इंग्रजी बोलतात तसं तोडून तोडून सांगितलं, की गुडघ्यातली कूर्चा संपलेली आहे, हाडावर हाड घासतंय, अजून सहा महिने गेले तर ही बाई घरातल्या घरात भिंत धरून चालेल, आणि मुलाची पुढल्या महिन्यात कोइमतूरला बदली आहे, म्हणजे आत्ता नाही तर नाहीच. "तुम्ही तिला काय सांगितलंत?" मी म्हणालो, काहीच नाही. ऑटोवाला "सीक्रम सार, सीक्रम" म्हणत घाई करत होता. आत चार माणसं गुडघे आवळून माझ्यासाठी जागा करून बसली होती. मी रस्त्यावरचा पाय उचलण्याऐवजी ऑटोतला खाली घेतला. ऑटो गेला. सकाळचे साडेआठ झाले होते आणि डांबर तापायला लागलं होतं. मी काहीच सांगितलं नव्हतं हे अक्षरशः खरं होतं, आणि तेच तर झालं होतं.

माझं काम काय आहे हे मी पुण्याच्या बहिणीला, मद्रासला आल्यापासूनच्या आठ वर्षांत, धड समजावू शकलेलो नाही. सुनीती अजून लोकांना सांगते की देवेश रोबोट बनवतो. रोबोट आमच्याकडे आहे, पण तो प्रयोगशाळेतच असतो आणि प्लास्टिकची हाडं कापतो. त्याची अडचण अशी की त्याच्या पोटात रोग्याच्या हाडाचा, सीटी स्कॅनवरून केलेला, अगदी बारीकसारीक नकाशा असतो, पण टेबलावर खरा पाय ठेवला की ते हाड नेमकं कुठं आहे हे त्याला कळत नाही. कुणीतरी सांगावं लागतं, की बाबा, नकाशातलं हे टोक म्हणजे इथलं हे. सध्या ते सांगण्यासाठी गुडघा उघडतात, हाडात खिळे बसवतात आणि टोकदार दांडीनं तीस-चाळीस जागी हाडाला स्पर्श करतात. आम्ही तेच कातडीच्या बाहेरून, आवाजानं करू बघत होतो. माणसाला ऐकू न येणारा आवाज कातडीवर फिरवायच्या प्रोबमधून आत जातो, हाडावर आपटून परत येतो, आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून हाड किती खोल ते कळतं. असे हजारभर ठिपके जमले की संगणक ते नकाशावर इकडून तिकडून सरकवत राहतो, नीट बसेपर्यंत. सुई नाही, खिळा नाही, रक्ताचा थेंब नाही. या सरकवण्यात एक खोड आहे मात्र. कधीकधी ठिपके जराशा चुकीच्या, तिरक्या जागी जाऊन बसतात आणि संगणक तिथंच खूश होतो. चूक किती म्हणून विचारलं तर एक मिलिमीटरसुद्धा नाही म्हणून सांगतो. खरं काय ते हाड उघडल्यावरच कळतं. म्हणून आम्ही ज्यांचं ऑपरेशन ठरलेलंच आहे असे दहा लोक घेतले होते. आधी त्यांचे गुडघे बाहेरून मोजायचे, मग ऑपरेशनच्या दिवशी कॅमेरा घेऊन आत जायचं आणि डॉक्टर उघड्या हाडाला दांडी लावतील तेव्हा आपण कितीनं चुकलो ते बघायचं. एका माणसाला एकदाच मोजायचं, पंधरा मिनिटं. सात नंबरला मी सहा वेळा बोलावलं होतं.

पहिल्या गुरुवारी मी बाकड्यांपाशी जाऊन कागदावरचं नाव वाचलं होतं, आणि वाचता वाचताच काहीतरी ओळखीचं तोंडात आल्यासारखं झालं होतं. राजसबाई. नर्सनं त्याआधी दोनदा हाक मारली होती, तिच्या पद्धतीनं, आणि कुणी उठलं नव्हतं. मी मारल्यावर पासष्टीची, काळसर, ठेंगणी, निळ्या काठाची सुती साडी नेसलेली एक बाई हात टेकत उठली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नांव नीट घेतलां तुम्ही. कोठले?" मी चाळीसगाव म्हणालो. तिनं ते गाव ऐकलेलं नव्हतं. तिचे पूर्वज तंजावरला कधी आले तेही तिला नक्की ठाऊक नव्हतं, तीनशे वर्षं म्हणतात, म्हणाली, "आम्हीं कोठें मोजलें." मला तिथं बाकड्यांपाशी उभ्या उभ्या रडू यायच्या बेताला आलं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण आलं होतं. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. सुनीतीचा रविवारचा फोन सात-आठ मिनिटांचा, त्यातही निम्मा वेळ ती तिच्या मुलांवर ओरडत असते. बाकी आठवडाभर मी इंग्रजीत काम करायचो, मोडक्या तमिळमध्ये इडली मागायचो, आणि मराठी फक्त डोक्यात असायची, कपाटात ठेवलेल्या लोकरीच्या स्वेटरसारखी, या गावात जिचा काही उपयोग नाही अशी.

संमतीचा कागद इंग्रजीत होता. तिनं चष्मा आणला नव्हता. "तुम्ही मराठींत सांगा की," म्हणाली, "आपला माणूस सांगतो तर वाचायचें कशास." मग मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. ही तपासणी आहे. यात दुखणार नाही. सुई नाही. पाचवी ओळ सांगून झाली तेव्हा तिनं मध्येच विचारलं, चाळीसगावास डांगर करतात का. करतात, म्हणालो, उडदाचं, दह्यात कालवून, वर कच्चा कांदा. ती इतकी हरखली की हात माझ्या मनगटावर ठेवला. आमचे घरांतही तेंच, डांगर पच्चडी, शेजारच्यांस ठाऊकच नाही. त्यानंतर मी सातवी ओळ सांगितली: तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता, कारण द्यावं लागणार नाही. सहावी ओळ राहिली. ती मला पाठ होती, आधीच्या सहाही लोकांना मी ती सांगितली होती, तमिळमधून सांगताना तर बोट ठेवून सांगितली होती. या तपासणीचा तुम्हाला स्वतःला काहीही फायदा होणार नाही. ती डांगरात गेली. राजसबाईंनी इंग्रजीत झोकदार सही केली.

प्रोबखालचं जेल गुडघ्यावर लावलं तेव्हा ती म्हणाली, "अय्यो, हें तर श्राद्धाचे दिवशींच्या पहाटेचे पाण्यापरीस गार," आणि मी हसलो, माझा हात हलला आणि मोजणी वाया गेली. म्हणून दुसरा गुरुवार. तो खराखुरा होता. त्या दिवशी मोजणी उत्तम झाली, ठिपके नकाशावर असे बसले की मी ते चित्र दोनदा फिरवून पाहिलं. तिसऱ्या गुरुवारचं कारण नोंदीत लिहिलंय: जेलमध्ये हवेचे बुडबुडे. बुडबुडे नव्हते. चौथ्याचं कारण: पायाची स्थिती. पाचव्या-सहाव्याला मी कारण लिहिलंच नाही. तिसऱ्या वेळेपासून मी जेलची बाटली गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवायला लागलो होतो, तिला गार लागू नये म्हणून. आमची खोली व्यायामोपचाराच्या विभागात, कडेची. शेजारच्या खोलीत तसल्याच दिसणाऱ्या यंत्रानं, तसलंच जेल लावून, लोकांच्या गुडघ्यांना खरोखरच शेक देत. हे सगळं मला दिसत होतं. मी प्रोब तिच्या गुडघ्याच्या वाटीखालून हळूहळू फिरवायचो, गरजेपेक्षा पुष्कळच हळू, आणि ती बोलायची. ती तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, ट्रंक लायनीवर. कलकत्त्याचा माणूस मद्रासला बोलायला लागला की पहिल्या दोन शब्दांत तिला कळायचं की घरी कुणी गेलंय की बाळ झालंय. आम्ही लाइन जोडून बाजूला व्हायचं, म्हणाली, ऐकायचं नाही असा कायदा, पण कान काय लाकडाचे असतात. तिच्या घरात आता मराठी कुणी बोलत नव्हतं. सुनेला येत नव्हती, नातवंडांना येत नव्हती. मुलगा विजयकुमार याला येते पण तो लाजतो. एकदा म्हणाली, "नवरे गेल्यावर मी देवासच बोलतें मराठींत. तो तरी काय, उत्तर देतो कां."

आणि चौथ्या गुरुवारी, पाय पुसता पुसता, ती म्हणाली होती, "मशीन लाविल्यापासून बरें आहे बाळ. वलि कमी झाली. परवां कोइलाच्या पायऱ्या चढलें." वलि म्हणजे दुखणं आणि कोइल म्हणजे देऊळ, एवढं तमिळ मला येत होतं. मी म्हणालो, "चांगलं झालं." मला अजून ते दोन शब्द माझ्याच आवाजात ऐकू येतात. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ती पाचव्या गुरुवारी कशाला आली असती? हा विचार मी तेव्हा असा शब्दांत केला नव्हता, पण शब्दांत न केलेले विचार काय आपले नसतात?

त्याच सकाळी, राजसबाईंच्या फायलीतल्या पत्त्यावर जायला, गिंडीहून गाडी पकडून मांबलमला उतरलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. सैदापेटच्या पुलावर खिडकीतून अड्यार नदीचं काळं पाणी दिसलं, आणि मनात आलं की परत फिरावं आणि डॉक्टरांनाच सांगावं, तुम्ही समजावा. त्यांनी समजावलंही असतं, दोन मिनिटांत, तमिळमध्ये. त्या यंत्रानं काही होत नाही अम्मा. आणि मग ती गुरुवारी मला विचारायला आली असती, खरं का बाळ? मी कॉलेजात असताना आईच्या गुडघ्यांवर रात्री तेल चोळायचो तेव्हा ती असंच विचारायची, बरं वाटेल ना रे, आणि मी हो म्हणायचो. तेव्हा ते खोटं नव्हतं, कुणाच्या ऑपरेशनच्या आड आलं नव्हतं. माणूस त्याच शब्दानं एके ठिकाणी मुलगा असतो आणि दुसऱ्या ठिकाणी चोर. वेलचेरीतल्या माझ्या घराला आठ वर्षं झाली. दोन खोल्या, बाल्कनीतून दिसणारा पाण्याचा टँकर, पावसाळ्यात जिन्यापर्यंत येणारं तळं, फ्रीजवर चिकटवलेला हॉटेलचा नंबर. कुणी विचारलं की मी सांगायचो, सेटल झालोय. ठिपके चुकीच्या जागी बसले की संगणकही हेच सांगतो. मला आपली जागा तिरकी आहे हे त्या पहिल्या गुरुवारपर्यंत ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक झाल्यावर मी ती एका म्हातारीच्या गुडघ्यावरून सरळ करू बघत होतो.

त्यांचं घर आर्य गौडा रोडच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. दारात रांगोळी, चपला, विजेच्या मीटरवर वाळत घातलेला टॉवेल. दार विजयकुमारनं उघडलं. तो ऑफिसला निघाला होता, बँकेची बॅग खांद्यावर. त्यानं मला ओळखलं आणि एकदम, आईच्या नकळत बोलावं तसं, दबक्या आवाजात, अडखळत्या मराठीत विचारलं, "तुम्ही अम्मास काय सांगितलां? मी दोन महिने आधींच रजा मागून ठेवलों. आता ऐकतच नाही. मशीनवालें पोर आहे म्हणते." मराठी बोलताना तो खरंच लाजत होता; कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी म्हणालो, त्यासाठीच आलोय. तो घड्याळाकडे बघून, मग माझ्याकडे बघून, गेला.

ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी तिला आजवर फक्त बाकड्यापासून टेबलापर्यंत चालताना पाहिलं होतं. इथं दहा-बारा पावलं होती. डावा पाय टाकताना ती अंग बाहेर झोकत होती, जबडा आवळत होती, आणि माझ्याकडे बघून हसतही होती, बघ कशी चालते म्हणून. मी अभियंता आहे, भार कुठून कुठं जातो ते मला दिसतं. पाय बरा होत नव्हता. ती त्याला बरं करून दाखवत होती, मला. "बसा बसा. गुरुवार नाहीं आज, तरी आलां," ती म्हणाली. "डांगर केलें आहे. आंगें आलां तुम्ही." आंगें म्हणजे आपण होऊन, असं मी समजलो. वाटीत डांगर आलं, वर कांदा, बाजूला गरम भात. मी ते खाल्लं. आधी सांगून मग खायला हवं होतं हे मला कळत होतं, आणि मी खाल्लं, वाटी निपटून. चव जवळजवळ तीच होती. हिंग जास्त आणि कढीलिंबाची फोडणी. ती समोरच्या खुर्चीत पाय लांब करून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मावशी," मी म्हणालो, "ते मशीन बरं करायचं नाही."

"मग काय करायाचें?"

"मोजायचं. नुसतं मोजायचं. त्यानं गुडघ्याला काहीच होत नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही."

"वलि कमी झाली तर."

"जेल गरम असायचं. मी गरम करायचो. आणि तुम्ही पंधरा मिनिटं पडून असायचात. तेवढ्यानं वाटतं बरं."

"सहा वेळां मोजलां."

"एकदाच मोजायचं होतं. पहिल्यांदा चुकलं म्हणून दुसऱ्यांदा. बाकी चार वेळा..." शेवटी म्हणालो, "बाकी चार वेळा मला तुमच्याशी बोलायचं होतं. इथं माझ्याशी मराठी कुणी बोलत नाही."

मला वाटलं होतं, म्हणजे सैदापेटच्या पुलावरून येताना मी असंच जुळवलं होतं, की हे ऐकून ती विरघळेल. हात मनगटावर ठेवेल. तिनं विचारलं, "कागदांत होतें?"

"काय?"

"मशीननें बरें होत नाहीं म्हणून. कागदांत लिहिलें होतें?"

"होतं."

"तुम्हीं वाचिलें नाहीं."

"नाही. राहून गेलं. मग... मग राहू दिलं."

तिच्या प्रतीची घडी देव्हाऱ्यातल्या डब्याखाली ठेवलेली होती. ती स्वतः उठून, तसंच अंग झोकत जाऊन घेऊन आली; मी उठलो तर हातानं बस म्हणाली. चष्मा लावला. दोन्ही पानं वाचली, बोट ओळीखालून नेत, मध्ये एकदाही वर न बघता. सहाव्या ओळीशी बोट थांबलं आणि तिनं ती मोठ्यानं वाचली, स्वच्छ, जुन्या वळणाच्या इंग्रजीत, लाइन जोडताना लावत असेल तशा आवाजात. मग कागदाची घडी घातली, चष्म्याची घडी घातली, आणि त्याच इंग्रजीत मला म्हणाली, की थँक यू मिस्टर देवेश, मी डॉक्टरांना फोन करून कळवीन. मी मराठीत म्हणालो, मावशी, चुकलो. ती इंग्रजीत म्हणाली, इट्स ऑल राइट. मी आणखी काहीतरी म्हणालो. तिनं पुन्हा इंग्रजीतच उत्तर दिलं, सभ्यपणे, परक्या माणसाला देतात तसं. वाटी माझ्या हातातच होती. ती कुठं ठेवावी कळेना, म्हणून मी ती मोरीपाशी नेऊन विसळली आणि उपडी घातली.

ऑपरेशन तीन आठवड्यांनी ठरलं. मधले तीन गुरुवार मी त्या खोलीत बसलो. आठ नंबर आला, पंधरा मिनिटांत मोजला. नऊ नंबर रेल्वेतून निवृत्त झालेला गृहस्थ होता, त्यानं मला तमिळमध्ये बरंच काही सांगितलं, मी मान हलवत राहिलो. जेल मी गार वापरलं. सुनीतीचा फोन आला तेव्हा मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, अरे पण ऑपरेशन करतेय ना बाई, मग झालं की, तू उगाच जिवाला लावून घेतोस. तिचं बरोबरच होतं. पाय वाचत होता. जे गेलं होतं ते माझं होतं, आणि ते माझं नव्हतंच कधी, ही गोष्ट फोनवर कशी सांगणार. गिंडीच्या फलाटावर, आंघोळ करताना, संगणकासमोर बसलो असताना मला तिची वाक्यं ऐकू यायची, आम्हीं कोठें मोजलें, आणि त्यांच्यामागून लगेच ते इट्स ऑल राइट.

त्या दिवशी मी कॅमेऱ्याची गाडी ढकलत ऑपरेशनच्या खोलीत गेलो तेव्हा ती टेबलावर होती, हिरव्या टोपीत केस कोंबलेले, कानातलं काढलेलं. पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर केलेलं होतं; ती जागी होती. "गुड मॉर्निंग, मिस्टर देवेश," म्हणाली. मी गुड मॉर्निंग म्हणालो. मग तिच्या छातीपाशी आडवं हिरवं कापड बांधलं आणि ती पलीकडे गेली; अलीकडे राहिला नुसता एक पाय, पिवळं औषध फासलेला. तो पाय मी सहा वेळा आवाजानं चाचपला होता. त्याच्या आतलं हाड मला तिच्या मुलापेक्षा, तिच्यापेक्षाही जास्त माहीत होतं. आतल्या बाजूचा झिजलेला उतार, कडेला फुटलेलं काट्याएवढं वाढीव हाड, सगळं. दहांपैकी सगळ्यात चांगली मोजणी हिचीच. आता पाच मिनिटांत ते उघडणार, डॉक्टर दांडी लावणार, आणि मला कळणार की आवाजानं मला जे सांगितलं ते खरं होतं की नाही. या एका आकड्यासाठी मी दोन वर्षं काम केलं होतं, आणि कबूल करतो, त्या घडीला मला राजसबाईंपेक्षा तो आकडा हवा होता. डॉक्टर गुरुमूर्तींनी हात पुढे केला. सुरी हातात आली.

कापडापलीकडून तिचा आवाज आला. हळू होता, गुंगीच्या औषधानं जरा पसरट झालेला. "त्या पोरास बाहेर जा म्हणावें. माझें हाड त्यानें पाहूं नये. पाहिलें तितुकें पुरे."

भूल देणारे डॉक्टर तिच्यावर वाकले, तमिळमध्ये काहीतरी विचारलं. ती पुन्हा बोलली नाही. त्यांनी मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. "काय म्हणते? दुखतंय का? ही कुठली भाषा?" आणि मग त्यांची नजर माझ्यावर आली, कारण फायलीत माझ्या नावापुढं लिहिलेलं होतं की रोग्याशी मराठीत बोलणं झालं. "तुम्हाला कळलं?"

खोलीत सहा माणसं होती. मला काहीही सांगता आलं असतं. झालं का विचारतेय. देवाचं नाव घेतेय. थंडी वाजतेय म्हणतेय. कुणीतरी एक चादर आणून घातली असती आणि सुरी खाली गेली असती. माझ्या तोंडात ती वाक्यं अगदी तयार होती, ओळीनं.

"ती म्हणतेय, मी बाहेर जावं," मी म्हणालो. "तिचं हाड मी बघू नये म्हणते. पाहिलं तेवढं पुरे, असं म्हणाली."

डॉक्टर गुरुमूर्तींनी मास्कवरून माझ्याकडे पाहिलं. "गुंगीत आहे ती. दहा मिनिटांचं काम आहे तुमचं. सही आहे ना तिची?"

"सही आहे. पण ती केव्हाही नाही म्हणू शकते," मी म्हणालो. "कारण द्यावं लागत नाही. सातवी ओळ आहे कागदावर." मी कॅमेरा बंद केला. त्याचा हिरवा दिवा विझायला वेळ लागतो, तेवढा वेळ उभा राहिलो. मग गाडी ढकलत बाहेर आलो. तिच्या डोक्याकडून जावं लागलं. तिचे डोळे मिटलेले होते.

नोंदवहीत सात नंबरपुढं पडताळणीची जागा रिकामी आहे. सगळ्यात चांगली मोजणी खरी होती की नुसतीच बसली होती, ते आता कधीच कळणार नाही.

बाहेरच्या बाकड्यावर विजयकुमार बसला होता, मांडीवर आईच्या चपलांची पिशवी. मी टोपी काढून त्याच्या शेजारी बसलो. आतून हाडावर हातोडीचे ठोके सुरू व्हायला अजून अवकाश होता. आणि तिथं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असताना, मला एकदम कळलं, इतक्या उशिरा की माझंच मला नवल वाटलं. घरी तो कागद वाचल्यापासून ती माझ्याशी इंग्रजीतच बोलली होती. आत खोलीत सगळ्यांना इंग्रजी येत होतं, तमिळ येत होतं. या माणसाला बाहेर काढा, असं ती त्यांतल्या कुठल्याही भाषेत म्हणाली असती तर मला नर्सनंच दंडाला धरून काढलं असतं. ते ती मराठीत म्हणाली. सहा माणसांत ते एकालाच पोचणार होतं, आणि त्यानं ते पुढे सांगायचं की नाही हे त्याच्यावरच राहणार होतं. तीस वर्षं ट्रंक लायनीवर बसलेल्या बाईला आपला आवाज कुणाकडे जातो हे न कळायला काय झालं. तिनं लाइन जोडली होती आणि बाजूला झाली होती. ऐकत होती की नाही, मला माहीत नाही. कान काय लाकडाचे असतात.

"लवकर आलां बाहेर," विजयकुमार म्हणाला, मराठीत. "अम्मा कांही म्हणाली कां?"

"म्हणाली," मी म्हणालो, आणि त्याला सांगायला लागलो, पहिल्या गुरुवारपासून.